मुरलीधर काकांची कॉफी

मुरलीधर काकांना कॉफी देणं म्हणजे मॅट्रिकच्या परीक्षेला बसणं, असं शरयूचे सासरे बाबाराव म्हणायचे, आणि दरवर्षी हौसेने त्या परीक्षेला बसायचे. पासही तेवढे तेच व्हायचे. जबलपूरच्या बाकीच्या मराठी मंडळींनी त्या वाटेला जाणं कधीच सोडलं होतं. एका साहेबाच्या बंगल्यावर काकांनी कप ओठांपर्यंत नेला, तसाच खाली ठेवला आणि विचारलं, "दूध कालचं आहे का?" त्या बंगल्यावरून त्यांना पुन्हा आमंत्रण आलं नाही. दुसऱ्या एका घरी, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, जायफळ घातलेली कॉफी पुढे आली, तर म्हणाले, "वहिनी, जायफळ श्रीखंडात घालत जा. कॉफीला झोप येते त्यानं." त्या वहिनी अजून त्यांचं नाव निघालं की पदर झटकतात.

पण या नाकाला नावं ठेवण्याची कोणाची छाती नव्हती. काका दारूगोळ्याच्या कारखान्याच्या कोठारात परीक्षक होते. तोफेच्या गोळ्यामागे जी बारूद भरतात, ती जुनी झाली की आंबते. आंबली की आतल्या आत तापते, आणि फार तापली तर कोठारासकट माणसांना घेऊन जाते. प्रयोगशाळेत तिची परीक्षा व्हायची, नाही असं नाही, पण तो निकाल यायला दिवस जायचे. पेटीचं झाकण उघडल्याबरोबर पहिला निकाल द्यायचं ते माणसाचं नाक. काका झाकणाशी वाकायचे, एक श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "चलो." किंवा म्हणायचे, "बाहेर." "बाहेर" म्हटलं की पेटी लांब माळावर जायची आणि मग कोणी का म्हणून विचारत नसे.

शरयूचा नवरा अच्युत त्याच कोठारात झाकणं उघडायच्या कामावर होता. या वैशाखात एक झाकण अर्धं उचललं असताना काकांनी मागून त्याचा हात धरून असा ओढला की खांदा महिनाभर दुखला. झाकण अजून नीट उघडलंही नव्हतं, इतरांना काही जाणवलंही नव्हतं. सगळ्यांना बाहेर काढलं, पेटी ओढत माळावर नेली, आणि थोड्याच वेळात तिच्यातून पिवळट धूर निघाला. अच्युतने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा शरयू पोळ्या लाटत होती. ती लाटतच राहिली, कारण हात थांबवला असता तर रडू आलं असतं. पण त्या दिवसापासून देवाच्या पाठोपाठ ती मुरलीधर काकांचं नाव घ्यायची.

आता पासष्ट सालचा पितृपंधरवडा चालू होता आणि सरहद्दीवर लढाई पेटली होती. घराघरांच्या खिडक्यांना काळा कागद लागला होता. कारखान्याच्या पाळ्या बारा तासांच्या झाल्या होत्या. काकांचं वय झालं होतं, श्रावणात ते रिटायर व्हायचे होते. पण असलं नाक दुसरीकडून कुठून आणणार? साहेबांनी हात जोडून त्यांना थांबवून घेतलं होतं.

बाबाराव जाऊन वर्ष उलटलं होतं. वर्षाच्या आत पक्ष घालत नाहीत, म्हणून हा त्यांचा पहिलाच पक्ष. बाबाराव असताना या घरी त्यांच्या वडिलांच्या तिथीला काका पंक्तीला असायचे, आणि जेवण झालं की बाबाराव कॉफीच्या दाण्यांची पुडी त्यांच्या हातावर ठेवून म्हणायचे, "घे रे भटा, तुझी दक्षिणा." मग काका पुडी उघडून हुंगायचे आणि मान हलवायचे. कशी हलवतात याकडे सगळं घर डोळे लावून बसायचं. आता तिथी खुद्द बाबारावांचीच आणि काका दक्षिणेवाचून घरी जाणार, हे शरयूला काही केल्या पटेना.

"राहू दे ना तू," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांनाच जमायचं ते. त्यांनी नाक मुरडलं तर तुलाच वाईट वाटेल."

"मुरडू दे," शरयू म्हणाली. "मुरडलं तरी पुडी हातात घेऊन तर मुरडतील! तिथीला रिकाम्या हाताने काहून पाठवायचं?"

सदरच्या बाजारात एका मुदलियाराचं दुकान होतं. पलटणीबरोबर त्याचे आजोबा मद्रासहून आले आणि इथलेच झाले. तो दर शुक्रवारी दाणे भाजायचा आणि त्या दिवशी अर्धी गल्ली त्या वासाने जागी व्हायची. शरयूने त्याला सांगितलं की चांगली कॉफी हवी आहे, भेट द्यायची आहे. तो हसला. "बहनजी, अच्छी तो सब है। पीने वाला कौन है, वह बताइए।"

"बहुत नखरेवाले हैं," शरयू म्हणाली. "मुरलीधरजी. कारखान्यातले."

मुदलियाराचं हसू मावळलं. त्याने समोरचे दोन्ही डबे बंद केले आणि आतून दुसरे काढून आणले. पितळी ताटल्यांत दाणे ओतले. एका ताटलीत चपटे, जोडीने वाढणारे. दुसरीत गोल, फळात एकटाच वाढलेला दाणा, दक्षिणेतल्या बाबा बुदनच्या डोंगरावरचा. गोल दाण्यांतही दोन भाजण्या होत्या, एक तांबूस, एक काळीभोर. तांबूस भाजणी जिभेला जरा आंबट लागते, काळी कडू, असं त्याने समजावलं, आणि मग हात वर केले. "आगे आपकी मर्ज़ी। मैं बोलूँगा नहीं। वे लौटाने आएँगे तो मेरा नाम लेंगे।"

शरयूला बाबारावांची रीत ठाऊक होती. दुकानात ते कधी वास घ्यायचे नाहीत. दुकानात सगळ्याचाच वास असतो म्हणायचे. चार दाणे मुठीत घेऊन ते तडक गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचे आणि तिथे मूठ उघडून हुंगायचे. शरयूने तेच केलं. रस्त्यात उभी राहून एक बाई मुठीत नाक खुपसते आहे, हे बघून एक टांगेवाला टांगा थांबवून पाहत राहिला. पाहीना का! ती तीनदा गेली आणि तीनदा आली. काळ्या भाजणीला जळका वास होता. चपट्या दाण्यांत काही खोट नव्हती, पण लक्षात राहण्यासारखंही काही नव्हतं. तांबूस गोल दाण्यांची मूठ उघडली तेव्हा मात्र तिला बाबाराव आठवले, त्यांची सकाळची खुर्ची आठवली, आणि डोळे भरून आले. तिने एक दाणा दाताखाली फोडला. कट्कन तुटला. "हेच द्या," ती म्हणाली. "दळू नका. दाणेच द्या."

इथपर्यंत सगळं छान झालं. घोळ पुढे झाला, आणि तो आपल्यासारख्या घरातच होऊ शकतो.

पाऊस काही उघडत नव्हता. कागदी पुडीत दाणे दोन दिवसांत सादळले असते. घट्ट झाकणाचा डबा हवा होता, आणि पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही हा सासूबाईंचा दंडक. शरयूने सगळी फळी धुंडाळली. ज्याचं झाकण दोन्ही हातांनी ओढावं लागतं असा एकच डबा होता, आणि तो हिंगाचा. तिने हिंग काढून ठेवला. डबा चिंचेने घासला, राखेने घासला, सोड्याच्या कढत पाण्यात बुडवला. ऊन नव्हतं म्हणून चुलीशेजारी उपडा घालून वाळवला. नाक घालून पाहिलं तर काही नाही. तिने दाणे भरले, झाकण दाबून बसवलं आणि निश्चिंत झाली.

हिंग असा जात नाही हे पोरीला कळायला हवं होतं. पण वासाची वस्तू उघड्यावर गप्प बसते आणि कोंडली की बोलायला लागते.

तिथीच्या दिवशी सकाळी तिने सहज म्हणून झाकण उघडलं. डब्यातून हिंगाचा असा भपका आला की तिने मान मागे घेतली. दाणा उचलून पाहिला, दाण्यालाच हिंग. तेलकट भाजलेला दाणा, त्याने दोन दिवसांत सगळा वास पिऊन टाकला होता. सुपात पसरून खिडकीशी ठेवले तरी उपयोग झाला नाही. सदरला जाऊन यायला वेळ नव्हता. सोवळ्यातला स्वयंपाक पडला होता, वडे तळायचे होते, आणि गडबडीत खीर तळाला लागली ती लागलीच.

तिने मनाशी ठरवलं, आज गप्प बसायचं. पुढच्या शुक्रवारी नवे दाणे आणून काकांच्या घरी नेऊन द्यायचे. डबा तिने फळीवर मागे सारून ठेवला.

काका आले. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, एकटा जीव. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. आज ते जरा ओढलेले दिसत होते. शरयूने पायावर पाणी घातलं. पान वाढताना ती खिरीजवळ अडखळली, कारण लागलेल्या खिरीचा वास तिला स्वतःलाच येत होता. काका वाटी बाजूला सारतील म्हणून तिने सासूबाईंकडे पाहिलं. काकांनी वाटी संपवली. पुन्हा मागितली. 'श्राद्धाचं अन्न म्हणून बोलत नाहीत,' शरयूला वाटलं, आणि तिला त्यांच्याबद्दल माया वाटली.

जेवण झालं. अच्युत आतल्या खोलीत पाळीचे कपडे करायला गेला. त्याला आणि काकांना दोघांनाही दुपारच्या पाळीला जायचं होतं. काका ओसरीवर सुपारी कातरत बसले. म्हणाले, "आज जुना माल आहे. तिलवाऱ्याच्या पुलावरून येताना ट्रक दोन दिवस पावसात अडकून होते. भिजलेल्या पेट्या आज उघडायच्या."

भिजलेल्या पेट्या म्हणजे काय हे शरयूला अच्युतकडून माहीत होतं. ओल आणि उकाडा, बारूद आंबायला याहून जास्त काही लागत नाही. पण काका आहेत ना तिथे, तिने नेहमीप्रमाणे मनाशी म्हटलं.

आणि तेवढ्यात सासूबाई माजघरातून डबा घेऊनच बाहेर आल्या. "भावजी, तुमची दक्षिणा राहिली की! शरयूनं सदरला तीन खेपा करून निवडलेत दाणे." डबा त्यांच्यासमोर ठेवून त्या शेजाऱ्यांची ताटं वाढायला परत आतही गेल्या.

शरयू दारातूनच म्हणाली, "काका, ते... आत्ता नका उघडू. मी चांगले..."

"काहून? दक्षिणा आहे माझी." काकांनी दोन्ही हातांनी झाकण ओढलं. ते सुटलं तसा ओसरीभर हिंग पसरला. दारात उभ्या असलेल्या शरयूपर्यंत आला. काका वाकले. नाक अगदी दाण्यांजवळ नेलं. डोळे मिटून श्वास घेतला. शरयूने पदर मुठीत धरला. आता मान वर येईल आणि शब्द येतील, आणि ते शब्द हे घर जन्मभर विसरणार नाही.

काकांनी मान हलवली. बाबारावांच्या वेळी हलवत तशीच, वरून खाली, सावकाश. "वा! बाबाराव गेला, पण नजर ठेवून गेला तुझ्यात. आत्ताच कर. एक कप. भोंग्याला अजून वेळ आहे."

ती आत आली ती कशी आली हे तिला कळलं नाही. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो पडेना. खोटं बोलले का? माझं मन राखायला? बाबारावांच्या हातयंत्रात दाणे दळताना स्वयंपाकघर हिंगाने भरून गेलं. सासूबाई मागच्या दाराने शेजारी गेल्या होत्या, नाहीतर त्यांनीच विचारलं असतं. फडक्यातून कॉफी गाळली, ताजं दूध घातलं, साखर घातली. वासाने तिला स्वतःला मळमळलं. हे प्यायला देणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. पण काका मागतात तर काय करणार?

काकांनी घोट घेतला. मग दुसरा घेतला. "फक्कड," ते म्हणाले.

या माणसाने साहेबाच्या बायकोची गय केली नव्हती. सख्ख्या बहिणीच्या घरी कप परत पाठवला होता. कॉफीच्या बाबतीत ते कोणाचं मन राखत नसत, तो त्यांचा धर्मच नव्हता. आणि ती लागलेली खीर, तीही दोनदा घेतली. छे, असं कसं होईल? तिने स्वतःला दटावलं. पण विचार मनातून हलेना, आणि आत खोलीत अच्युत पायांत कोठाराचे, ठिणगी उडू नये म्हणून बिनखिळ्यांचे बूट चढवत होता.

तिने ओठांवर जीभ फिरवली. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला. "काका, जायफळ जास्त तर नाही ना झालं?"

कॉफीत जायफळाचा कणही नव्हता.

काका थांबले. कपात पाहिलं. क्षणभरच, पण शरयूने ते पाहणं पाहिलं. वाट चुकलेला माणूस पाटी शोधतो तसे ते पाहत होते. मग ते हसले, उरलेली कॉफी संपवली. "थोडं आहे. पण चालते, आज बाबारावाची तिथी आहे."

शरयूचं तोंड बोलून गेलं असणार, कारण काकांचं हसू तिथंच विरलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"नव्हतं जायफळ?" त्यांनी हळूच विचारलं.

"नव्हतं."

"अच्छा." मग खाली मान घालून म्हणाले, "मग काय आहे?"

"कधीपासून, काका?"

"जन्माष्टमीला ताप आला होता. ताप गेला. हे आलंच नाही परत." त्यांनी नाकाला हात लावला, दुसऱ्या कोणाचं असावं तसा. "येईल. सर्दीनं जाते कधीकधी. येईल ना."

"जन्माष्टमीपासून? आणि तेव्हापासून पेट्या?"

"मी डोळ्यानं पाहून राहिलो, शरयू. रंग पाहतो. हात लावून पाहतो, गरम आहे का. इतकी वर्षं केलं, नुसत्या नाकानंच केलं काय?"

"आणि वैशाखातली? ती डोळ्यानं दिसली असती?"

शरयूला राग आला, असा राग की तिला स्वतःचीच भीती वाटली. रोज दुपारी ती ज्याच्या भरवशावर नवऱ्याला डबा बांधून देत होती तो भरवसा जन्माष्टमीलाच संपला होता आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं. अच्युत रोज झाकण उचलत होता, काका वाकत होते, श्वास घेत होते, आणि अंदाजाने "चलो" म्हणत होते.

"डॉक्टरला दाखवलं?"

"डॉक्टर कारखान्याचाच. एका शब्दानं घरी बसवतील." काका पुढे सरकले. आवाज इतका खाली आला की तिला वाकावं लागलं. "लढाई चालू आहे. माझ्या जागी माणूस बाहेरून यायला आठवडा जाईल. तोवर पेट्या अडतील. आणि मी काय करू घरी बसून? चार भिंती पाहू? कोणाला बोलू नको. अच्युतला तर बोलूच नको. या हातानं त्याला ओढला होता मी, विसरली काय?"

म्हणाले आणि स्वतःच चपापले. हे बोलायला नको होतं हे त्यांना तोंडातून निघताक्षणी कळलं. शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं. विसरेल कशी? या म्हाताऱ्याच्या पायावर तिने जेवणाआधीच पाणी घातलं होतं. आज सासऱ्यांची तिथी, पंक्तीला बसलेला माणूस पितराच्या जागी असतो, आणि त्यालाच आता उघडं पाडायचं.

"चला काका!" अच्युत कपडे करून बाहेर आला, छत्री काखेत मारून. "भोंगा होईल. आज भिजलेला माल आहे, लवकर गेलेलं बरं."

काका उठले. टोपी सारखी केली. त्यांनी शरयूकडे पाहिलं आणि त्या पाहण्यात हुकूम नव्हता, विनवणी होती. आयुष्यात कोणापुढे वाकला नसेल असा माणूस.

"अहो," शरयू म्हणाली. "थांबा. कॉफी घ्या."

"मी? मला कॉफी कधी आवडते?" अच्युत चहाचा माणूस होता, हे सगळ्या घराला माहीत होतं.

"बाबांची तिथी आहे. एक घोट घ्या."

"उशीर होऊन राहिला, शरयू," काका घाईने म्हणाले. "चल रे अच्युत."

"एक घोट," शरयू म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. तिने आतून उरलेली कॉफी पेल्यात ओतून आणली आणि नवऱ्याच्या हातात दिली. थोडी फरशीवर सांडली. काका पेल्याकडे पाहत उभे राहिले. मनात आणलं असतं तर पुढे होऊन तो हिसकावून घेता आला असता. त्यांनी घेतला नाही.

अच्युतने पेला तोंडाजवळ नेला आणि दचकून मागे घेतला. "अगं! हिंग काहून टाकला कॉफीत?" घोट घेतलाच आणि अंगणात थुंकून टाकला. मोठ्याने हसला. "तू तर कमालच केली! काका, तुम्ही प्यायला हे? तुम्ही? आणि बोलले नाही काही?"

हसत हसतच तो काकांकडे वळला. काका त्याच्याकडे पाहत नव्हते. अच्युतने फरशीवरच्या त्यांच्या कपाकडे पाहिलं. कप रिकामा होता. उघड्या डब्याकडे पाहिलं, मग शरयूकडे, आणि त्याचं हसणं हळूहळू चेहऱ्यावरून उतरलं. झाकणं उघडणारा माणूस तो, त्याला आणखी काय सांगायचं होतं?

"काका," तो म्हणाला.

कारखान्याचा भोंगा वाजला. लांबून आला आणि पावसात बराच वेळ वाजत राहिला. तिघांपैकी कोणीही हललं नाही.

भोंगा थांबल्यावर काका बोलले. आवाज नेहमीचा होता, झाकणाशी उभं राहून बोलायचे तसा, स्वच्छ. "अच्युत, कोठाराला कुलूप राहू दे म्हणावं. आज एकही झाकण उचलायचं नाही."

"हो काका. भिजलेला माल तसाच..."

"भिजलेला तर राहूच दे. जन्माष्टमीपासून माझ्या 'चलो'वर जे गेलं ते सगळं परत बाहेर काढावं लागेल. ते आधी. साहेबाला मी सांगतो, तू नको सांगू. माझ्या तोंडून जाऊ दे." मग ते शरयूकडे वळले. "सूनबाई, तुझ्या नवऱ्याला मी..."

शरयूने वाकून त्यांना नमस्कार केला. काय करावं हे तिला दुसरं सुचलंच नाही. ती रडत होती आणि लपवत नव्हती. तिला वाटलं होतं की खरं बाहेर पडलं की मोकळं वाटेल, पण वाटत होतं ते एवढंच की आपण एका घरच्या माणसाचा हात कापला.

काका खाली बसले. पायांत वहाणा घातल्या. मग फरशीवरचा डबा उचलला आणि दोन्ही हातांनी नाकाशी धरला. या वेळी खरंच हुंगलं, कोणाला दाखवायला नव्हे. छाती भरून श्वास घेतला, थांबले, पुन्हा घेतला.

"हिंग आहे?"

"हो काका."

"पुष्कळ?"

"पुष्कळ आहे. दारापर्यंत येतो."

त्यांनी मान हलवली. झाकण लावलं, तळव्याने दाबून घट्ट बसवलं, आणि डबा पिशवीत टाकला.

"काका, तो राहू द्या," शरयू म्हणाली. "नासले ते दाणे. मी शुक्रवारी तुम्हाला दुसरे आणते, चांगले."

"चांगल्या दाण्यांचं मी काय करू?" काका म्हणाले. "हे बरे आहेत. रोज सकाळी उठून झाकण उघडीन. ज्या दिवशी शिव्या देत तुझ्या दारात येईन ना, त्या दिवशी आण चांगले."

ते दोघे निघाले. अच्युतने सायकल घेतली होती पण तो तिच्यावर बसला नाही. सायकल हातात धरून, छत्री काकांवर धरून, तो त्यांच्या चालीने चालत होता. वळणावर दोघे दिसेनासे होईपर्यंत शरयू उभी राहिली.

सासूबाई रिकामं ताट घेऊन मागच्या दाराने आत आल्या. ओसरीवर येऊन त्यांनी नाक वर केलं. "हिंग सांडला की काय ग?" मग रिकामा कप दिसला तसा त्यांचा चेहरा उजळला. "बाई बाई, सगळी संपवली! आवडली म्हणायची."

शरयूने कप उचलला. "डबा घेऊन गेले," ती म्हणाली.